अर्धा सूर वर

आदरणीय वेल्टावहिनी,

तुमच्या धाकट्या दिराचा, म्हणजे ओयार्सचा, टोपी काढून नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचा रक्तदाब ताब्यात असेल, खोकला गेला असेल, आणि रिनाल्ड्स, सूनबाई व नातू खुशाल असतील असं धरून चालतो. नातवाला दात आले का? सप्टेंबरात आयर्लंडला निघताना तुम्ही ‘दात येईपर्यंत राहते आणि परत येते’ असं म्हणाला होतात. आता एप्रिल लागला. तिकडच्या हवेत पोरांचे दात उशिरा येतात की काय, मला कल्पना नाही. तुमचा हाराल्ड्स असता तर त्यानं सांगितलं असतं. त्यानं जन्मभर गाईगुरांचे दात पाहिले, माणसाचे काही फार वेगळे नसावेत. इकडे सर्व क्षेम आहे. बर्फ गेलं, चिखल आला, करकोचे परतले आणि तुमच्या फाटकासमोरच्या खांबावर पुन्हा घरटं बांधायला लागले आहेत. माझ्या मधमाश्या हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडल्या. बर्चच्या झाडांचा रस यंदा भरपूर निघाला; तळघरात बरण्यांवर बरण्या लागल्या आहेत आणि प्यायला मी एकटा, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तोच पितोय.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुम्हाला फोन केला की ‘हॅलो’च्या आधी तुम्ही ‘कोण गेलं?’ असं विचारता. मग कोणी गेलं नाही हे पटवण्यात निम्मा वेळ जातो, आणि उरलेल्या वेळात कोणी न जाता फोन केलाच कशाला, याचा तुम्हाला राग येतो. तेव्हा पत्र बरं. कोणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत, फक्त तोंड लपवून आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, वहिनी: तुमच्यावाचून आमच्या क्वायरचं काहीही अडलेलं नाही. अगदी काहीही नाही. दर गुरुवारी सांस्कृतिक भवनात तालीम होते, बॉयलर नेहमीसारखा धूर जास्त आणि ऊब कमी देतो, मध्ये चहा होतो आणि चहाबरोबर प्रत्येक जण घरून बेकनचे पाव आणतो. (पूर्वी तुम्ही सगळ्यांना फोन करून कोणी काय आणायचं ते ठरवायचात. आता कोणी ठरवत नाही, म्हणून सगळेच बेकनचे पाव आणतात. पण बेकनचे पाव चांगलेच असतात, तक्रार नाही.) तुमच्या जागी उंच आवाजाच्या बायकांत, पहिल्या सोप्रानोत, औषधाच्या दुकानातली मारुता उभी राहते. मारुताचा आवाज चांगला आहे. म्हणजे भरपूर आहे. मी क्वायरचा अध्यक्ष या नात्यानं तिला तुमची जागा देताना सांगितलं की वेल्टावहिनी दोनच महिन्यांसाठी गेल्या आहेत. त्यावर ती म्हणाली, ‘‘ओयार्सकाका, दोन महिने होऊन गेले.’’ ही मुलगी गोळ्या मोजून देते, तिच्यापुढे हिशेबात कोणाचं चालणार!

आता मुद्द्याकडे येतो. यंदा उन्हाळ्यात रीगाला गीतोत्सव आहे हे तुम्हाला सांगायला नको. उत्सव पाच वर्षांनी येतो आणि मी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा पुढच्याला पाहू असं मी काही म्हणत नाही. उत्सवाला जायचं तर आधी परीक्षकांसमोर गाऊन पास व्हावं लागतं, आणि पास नाही झालो तर जुलैत उत्सवाचा लोकरी कोट चढवून, टीव्हीसमोर बसून, दुसऱ्यांनी गायलेलं बघावं लागतं. (शेजारच्या गावच्या क्वायरचं तेच झालं मागच्या वेळी. अजून ते लोक बाजारात भेटले तर हवापाण्याशिवाय बोलत नाहीत.) ठरवून दिलेली गाणी तर सगळ्यांनाच असतात, पण यंदा प्रत्येक क्वायरनं आपल्या पसंतीचं एक गाणंही गायचं होतं. आमचं कोणतं, यावर चर्चासुद्धा झाली नाही. हाराल्ड्सचं. आपल्या गावाच्या गुरांच्या डॉक्टरनं आयुष्यात एकच गाणं रचलं, ते आपल्याच क्वायरसाठी, आणि ते रीगाच्या त्या मोठ्या परीक्षकांनी एकदा ऐकावं, ही माझी फार इच्छा होती. तो गेल्यापासून आहे. एवढी एकच आहे म्हणा ना.

गाणं तुम्हाला पाठच आहे, पण माझ्याच समाधानासाठी लिहितो. एक माणूस संध्याकाळी नदीकाठानं घरी चालला आहे. धुकं वर येतंय. पलीकडे कोणीतरी दार उघडून उभं आहे. संपलं. दुसरं काही घडत नाही, आणि यात चार कडवी जातात. शेवटी सोप्रानो एक उंच सूर हळूच घेतात आणि तो धरून ठेवतात, खाली आम्ही सगळे विझत जातो. कागदाच्या डोक्यावर हाराल्ड्सनं तीन ओळी लिहिल्या आहेत, त्याच अक्षरात ज्यात तो गाईंची औषधं लिहायचा. (आमच्या संचालिकेनं, इंगुनानं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिसरी ओळ ‘दिवसातून दोनदा’ अशी वाचली होती.) पहिली ओळ लयीची: पायी चालत. दुसरी पट्टीची: काळी एक. तिसरी भावाची: शांत, पण जागं. एवढंच. किती वेगानं चालत, याचा आकडा नाही. त्या काळी लागतही नव्हता. समोर हाराल्ड्स उभा असायचा आणि त्याच्या शेजारी तुम्ही.

आपल्या क्वायरला एक जुना आजार आहे तो तुम्ही जाणताच. आपण बिनसाथीचं गातो आणि गाता गाता उतरतो. काळी एकमध्ये सुरुवात करून चौथ्या कडव्याला पांढरी एकवर येऊन टेकतो, आणि वेगही तसाच मंदावत मंदावत जातो. तुम्ही होतात तेव्हाही उतरायचो, पण तुम्ही तिकडून नुसतं बघितलंत की निम्मं सावरायचं. आता बघणारं कोणी नाही. सोप्रानो म्हणतात, पुरुषांतले जाड आवाजाचे बास ओझ्यासारखे लोंबतात. बास म्हणतात, सोप्रानो सूर नुसता खालून चाटतात, गाठत नाहीत. खालच्या आवाजाच्या बायका, अल्टो, काही म्हणत नाहीत, पण अशा चेहऱ्यानं म्हणत नाहीत की सगळ्यांना ऐकू येतं. आम्ही उंच आवाजाचे पुरुष, टेनर, दोघंच. टेनर माणसाला कोणी बोलत नाही, कारण रागावून गेला तर दुसरा मिळत नाही.

तेव्हा अध्यक्ष म्हणून मीच हा प्रश्न हाती घेतला. गाजावाजा न करता, ज्याला त्याला एकट्याला गाठून. प्रथम इंगुनाला तिच्या शाळेबाहेर गाठलं आणि म्हटलं, ‘‘बाई, बासवाले काही सुधारायचे नाहीत. काय करायचं ते तुम्हीच करा, पण कोणाला बोलू नका.’’ ती समजूतदार आहे, तिनं मान डोलावली. मग विटाउट्सकडे त्याच्या लाकडाच्या गिरणीवर गेलो. हा दोन माणसांच्या आकाराचा गडी, बासचा म्होरक्या, मनाला लावून घेणारा. त्याला म्हटलं, सोप्रानो म्हणतात दोष तुमचा आहे. (त्या तसं म्हणाल्या नव्हत्या त्या आठवड्यात. पण त्यांच्या मनात होतं.) विटाउट्सनं अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, ‘‘बरं. बघून घेतो.’’ तिसरी मारुता. तिच्या दुकानात खोकल्याचं औषध घेता घेता सुचवलं की बाई इंगुना थकल्यात, बास गेल्यातच जमा आहेत, आता गाणं वर धरून ठेवायला आणि हलतं ठेवायला तूच एक आहेस. तिघांनाही बजावलं की आपल्या दोघांतच राहू दे. क्वायर चालवणं म्हणजे मधमाश्या पाळण्यासारखंच आहे, शांतपणे हात घालावा लागतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

परीक्षा शेजारच्या शहरात होती, नव्या सभागृहात. तिथं अशी ऊब होती की लोकरी घागऱ्यात बायकांचे चेहरे बीटासारखे लाल झाले. ठरवून दिलेली गाणी उत्तम झाली. मग हाराल्ड्सचं. इंगुनानं नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला, डोळे मिटले आणि सूर गुणगुणली. वहिनी, ती काळी एक नव्हती. पांढरी दोन होती. माझ्या गळ्यानं ते माझ्याआधी ओळखलं. पण क्वायरमध्ये दिलेल्या सुराशी भांडता येत नाही. बाईनं दिला तो घ्यायचा. झालं होतं असं, की आपण उतरणारच हे धरून इंगुनानं अर्धा सूर वर दिला होता, म्हणजे उतरत उतरत शेवटी आपण नेमके बरोबर जागी पोचू. हिशेब चुकीचा नव्हता. माणसं नेहमीसारखी वागली असती तर.

पण विटाउट्सनं बघून घेतलं होतं ना! महिनाभर रोज संध्याकाळी त्यानं बासच्या लोकांना गिरणीवर बोलावलं होतं आणि मोठी करवत चालू ठेवून तिच्या सुरावर गाऊन घेतलं होतं. करवत कधी उतरत नाही. आणि करवत कधी मंदावतही नाही. तर पहिलं कडवं संपलं आणि बास आहेत तिथेच. दुसरं संपलं, तरी तिथेच. खांबांसारखे उभे. इंगुना आपली उतरण्याची वाट बघतेय, जशी आपण थांब्यावर न येणाऱ्या बसची बघतो. तिच्या कपाळावर घाम यायला लागला. आणि तिसऱ्या कडव्यापासून मारुता लागली ओढायला. तिनं सोप्रानोंना बजावलं होतं की प्रत्येक सूर वरून घ्यायचा आणि कुठेही रेंगाळायचं नाही, श्वाससुद्धा धावता घ्यायचा. आमचा तो घरी चाललेला माणूस दुसऱ्या कडव्यात भराभर चालायला लागला होता, तो तिसऱ्यात पळायला लागला. धुक्याला वर यायला वेळच मिळाला नाही. चौथ्या कडव्यात आम्ही काळी दोनवर होतो. म्हणजे हाराल्ड्सनं लिहिलं त्याच्या पूर्ण एक सूर वर, आणि मी सत्तरीचा माणूस, वहिनी, माझी मान अशी ताणली गेली होती की मला छतावरचे दिवे मोजता आले असते.

मग तो शेवटचा सूर. तुमचा. हळूच घ्यायचा तो. मारुतानं घेतला, तिच्या धाडसाला दाद द्यायला हवी, दुसरी कोणी असती तर तोंड नुसतं उघडं ठेवून उभी राहिली असती. घेतला आणि सोडलाही नाही. ‘शांत, पण जागं’ यातलं जागं तेवढं राहिलं. मागच्या रांगेत आमच्यानंतर गाणाऱ्या क्वायरमधला एक माणूस बसला होता, स्वयंसेवी अग्निशमन दलातला. तो आगीचा भोंगा समजून उठून उभाच राहिला आणि खिशातला फोन बघायला लागला. आमचं गाणं संपल्यावरही तो सूर थोडा वेळ सभागृहात होता असं माझं मत आहे.

तीन परीक्षक होते. मधल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, ‘‘गाणं वाईट नाही.’’ वहिनी! वाईट नाही! रीगाचा माणूस, आणि हाराल्ड्सच्या गाण्याला वाईट नाही म्हणाला! (तुमच्या त्या आयर्लंडमध्ये म्हणे चहा दिला तरी ‘अप्रतिम’ म्हणतात. तिथं राहून तुम्ही आपली भाषा विसरला नसाल असं समजतो.) माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ते म्हणाले, ‘‘मला एवढंच सांगा, हा माणूस घरी चाललाय की घरातून पळालाय?’’ इंगुना लाल झाली होती ती पांढरी पडली. म्हणाली, ‘‘पायी चालत, असं लिहिलंय.’’ त्यावर म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, ‘‘ते मी वाचलंय. पण कोण चालत? माझा नातू चालतो तसं, की मी चालतो तसं?’’ आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागलो. मग परीक्षकांनी आपसांत कुजबुज केली आणि निकाल सांगितला: बाकीची गाणी चांगली आहेत म्हणून नापास करत नाही, मेच्या शेवटी पुन्हा या आणि हे एकच गाणं पुन्हा गा. त्यावर ठरेल.

मग परतीचा प्रवास. आपली माणसं बसमध्ये बसली की पहिल्या वळणावर गायला लागतात. त्या दिवशी गायली नाहीत, यावरून ओळखा. शेवटी इंगुनाच हळूच म्हणाली, ‘‘चूक माझी. मी अर्धा सूर वर दिला होता.’’

विटाउट्स ताडकन उभा राहिला, त्याचं डोकं बसच्या टपाला आपटलं. ‘‘अहो बाई, मग सांगायचं नाही होय? महिनाभर करवतीबरोबर गातोय आम्ही! दोघांना कानात बोळे घालून झोपावं लागतंय!’’

‘‘करवतीबरोबर?’’ मारुता किंचाळली. ‘‘म्हणजे तुम्ही उतरणार नव्हतातच? मग मी कोणाला ओढत होते वर? माझ्या बरगड्या दुखतायत!’’

‘‘तुला ओढायला सांगितलं कोणी?’’

‘‘तुम्हाला करवत लावायला सांगितली कोणी?’’

मग तिघांची तोंडं एकदमच माझ्याकडे वळली. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो. रस्त्याच्या कडेचं जंगल या दिवसांत फार छान दिसतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. विटाउट्स माझ्या बाकाकडे यायला निघाला होता, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं डिझेलसाठी गाडी पंपावर वळवली. त्या ड्रायव्हरला मी मधाची बरणी द्यायची ठरवली आहे.

पंपावर सगळ्यांनी सॉसेज घातलेले पाव घेतले, आणि पोटात गरम काही पडलं की आपले लोक भांडण सोडून कामाला लागतात. विटाउट्स म्हणाला, ‘‘ते म्हातारबुवा बरोबर बोलले. कोण चालत? हे ठरल्याशिवाय मेमध्ये गाऊन काय उपयोग?’’ मग पंपाच्या मोकळ्या जागेत ठरवायला सुरुवात झाली. आधी विटाउट्स चालला. इंगुना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती. त्याची एकेक ढांग एवढी की त्या लयीत गायलं तर गाणं मध्यंतर घेऊन गावं लागेल. मग मारुता चालली, टिकटिक टिकटिक. त्या लयीत आपण नुकतेच गाऊन आलो होतो. मग अल्टो चौघी हातात हात घालून चालल्या आणि त्यांचं आपसांतच जमेना. सगळे सणाच्या पोशाखात, बायकांच्या छातीवर चांदीच्या पिना, डोक्यावर मुकुट, हातात मोहरी लावलेले पाव, आणि पंपाभोवती ओळीनं फेऱ्या मारतायत. एका लिथुआनियन ट्रकवाल्यानं गाडी थांबवून मला विचारलं, लग्न आहे का. मी हो म्हटलं. त्याला समजावत कुठे बसू?

शेवटी इंगुना दमून म्हणाली, ‘‘आपण उगाच चालतोय. हे गाणं हाराल्ड्स डॉक्टरांचं. ते कसे चालायचे?’’ पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, पण या वेळी वेगळ्या तऱ्हेनं. मी सख्खा भाऊ. मला माहीत असायला हवं. मी पाव खाली ठेवला, आठवून बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं, वहिनी, की हाराल्ड्स चालायचाच नाही. कुठे गाय अडली की तो धावायचा; नाही तर त्या चिखलानं भरलेल्या गाडीत असायचा; लहानपणीसुद्धा शाळेत तो पळतच जायचा आणि मी मागून ओरडायचो. आयुष्यात तो सावकाश चालला तो फक्त गुरुवारी. तालीम संपली की भवनापासून तुमच्या घरापर्यंत, तुमच्याबरोबर. मी हे बोलून गेलो.

मग मारुता म्हणाली (आणि ही मुलगी गोळ्याच मोजत असेल, पण तिला समजतं), ‘‘मग ही वेल्टाकाकूंची चाल आहे. ते त्यांच्या चालीनं चालायचे.’’

आम्ही तिथे बरेच जण उभे होतो. त्यातला निम्मा क्वायर वर्षानुवर्षं गुरुवारी तुमच्या मागून घरी गेलेला आहे. तुम्ही वाटेवरच्या एका शिक्षिकेच्या कुंपणाशी थांबून तिची डेलियाची फुलं बघायचात, हे सगळ्यांना आठवलं. पुलावर थांबायचात, आणि हाराल्ड्स तुमच्या हातातली पिशवी मागायचा आणि तुम्ही द्यायचा नाहीत, हेही आठवलं. पण तुमचे पाय कसे पडायचे ते करून दाखवा म्हटल्यावर एकालाही जमेना. विटाउट्सनं चालून बघितलं. मी बघितलं. इंगुनानं घड्याळाचा हात खाली केला. मग सगळे बसमध्ये चढले, आणि घर येईपर्यंत मला कोणी काही बोललं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो.

तर असं झालं सगळं. तुम्हाला करमणूक म्हणून लिहिलं. काही मागायला लिहिलेलं नाही, हे वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही तिकडे सुखात आहात, नातू आहे, रिनाल्ड्सनं तुमच्यासाठी वेगळी खोली केली आहे, ती सोडून कोणी चिखलात का यावं? तब्येतीला जपा. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा. क्वायरतर्फे सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक दीर,
ओयार्स
(क्वायरचा अध्यक्ष, पुढच्या बैठकीत बदलायचं चाललं आहे, पण टेनर आहे म्हणून धजत नाहीत)

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात इंगुना आली. ती म्हणते, तुम्हाला विचारा की सूनबाईंनी फोनवर तुमचं चालतानाचं चित्रण करून पाठवलं तर चालेल का. मी तिला सांगितलं, बाई, तिकडचे रस्ते वेगळे, गाड्या उलट्या बाजूनं येतात, तिकडे माणूस धास्तावून चालतो, ती चाल आपल्या कामाची नाही. भवनापासून तुमच्या फाटकापर्यंतच चालायला हवं. एकदाच चाला, गुरुवारी. इंगुना घड्याळ घेऊन मागून येईल. बाकीचे दूर राहतील, मी अध्यक्ष म्हणून हमी देतो. (बाकीचे सगळे येणार आहेत. विटाउट्सनं आत्ताच सांगितलंय.)

ता. क. २. मारुताचाही निरोप आहे. ती म्हणते, शेवटचा सूर वेल्टाकाकूंचाच आहे, मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघेन हळूच कसा घेतात ते. हे तिनं आपण होऊन सांगितलं. मी या वेळी कोणालाही एकट्याला गाठलेलं नाही, शपथेवर सांगतो.

ता. क. ३. रिनाल्ड्सला मी परवा फोन केला होता. तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं, तेव्हा त्यानं सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. तो म्हणाला, ‘‘काका, आई रोज खिडकीत बसते. पण मी जा म्हटलं तर तिला वाटेल मी घालवतोय.’’ तो म्हणतो, तुम्ही त्याच्यासाठी राहताय. तुम्ही म्हणत असाल, त्याच्यासाठी राहायला हवं. दोघं एकमेकांशी बोलत का नाही, हे मी काही विचारणार नाही. मी कोण विचारणारा!

ता. क. ४. चाल मिळाली नाही तरी चालेल. मेमध्ये नापास झालो तरी या. जुलैत उत्सव टीव्हीवर बघू. टीव्ही तुमच्याच घरचा मोठा आहे. किल्ली माझ्याकडे आहे, मी दर रविवारी हवा खेळती ठेवायला खिडक्या उघडतो आणि झाडांना पाणी घालतो, पण तिथं बसवत नाही. भाऊ गेला तेव्हा निदान तुम्ही होतात. मला करमत नाही, वहिनी.